गल्ल्यातला पैसा म्हणजे नफा नव्हे
(कापूस-ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या कोल्हापूर येथील शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. जिल्हा बैठकांत वाचनासाठी.)



दोन दिवस तुम्ही कोल्हापूर पाहिलेत. मार्केट यार्डात गुळाचे सौदे पाहिलेत, इचलकरंजीचे माग पाहिलेत, चपलांच्या दुकानांतून फिरलात. काल रात्री जेवताना एकजण म्हणाला, "इथं पंचगंगा आहे, ऊस आहे, म्हणून धंदे चालतात. आमच्याकडं मृगाचा पाऊस लांबला की गावच बंद पडतं." बोलणे खरे आहे, पण अर्धेच. आम्ही शेतकीची पदवी घेतली ती याच शहरात. त्या वेळी ज्या गल्लीतून रोज जात होतो त्या गल्लीतली निम्मी दुकाने आज दुसऱ्याच्या नावावर आहेत. पाणी असलेल्या गावातही धंदा बुडतो. तो कशाने बुडतो, तेवढेच आज बोलायचे आहे.

हा विषय आज का घेतला? तुमच्यापैकी हात वर करायला सांगितले तेव्हा कुणी दालमिल टाकली आहे, कुणी कृषी सेवा केंद्र काढले आहे, दोघी बहिणी ज्वारीच्या कडक भाकरी करून सोलापूर-पुण्याला पाठवतात, आणि चौघेजण 'यंदा काहीतरी टाकायचे' म्हणून आले आहेत. चांगली गोष्ट आहे. कापूस आणि ज्वारी कच्चीच विकून आपण कुठवर जाणार? पण शेतात बुडणारा माणूस हंगामभराने बुडतो. धंद्यात बुडणाऱ्याला आपण बुडतो आहोत हे कळायलाच दोन वर्षे लागतात, कारण गल्ल्यात रोज पैसा दिसत असतो.

शेतात शिकलो ते दुकानात विसरलो

शेतकरी चळवळीने आपल्याला एक गोष्ट पक्की शिकवली. शेतमालाचा उत्पादन खर्च काढायचा तर बी, खत, फवारणी एवढे धरून भागत नाही. घरच्या माणसांची मजुरी धरा, बैलांचा खर्च धरा, जमिनीचा खंड धरा, गुंतवलेल्या पैशाचे व्याज धरा. सरकारने हे धरले नाही म्हणून आपण रस्त्यावर उतरलो. आणि तोच शेतकरी दुकान टाकतो तेव्हा स्वतःची मजुरी धरत नाही, बायकोची तर नाहीच नाही, जागेचे भाडे धरत नाही कारण ओसरी घरचीच असते, आणि मशिनची झीज म्हणजे काय ते त्याला ठाऊक नसते. जो हिशेब आपण दिल्लीला मागतो, तो आपण आपल्या वहीत मांडत नाही.

हे आम्ही दुसऱ्याला नावे ठेवायला सांगत नाही. आमची स्वतःची चूक सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या कापसाच्या तालुक्यात सात शेतकऱ्यांचा एक गट झाला. दालमिल टाका असा सल्ला आम्हीच दिला. पदवी होती, त्यामुळे तुरीतला ओलावा किती असावा, तेल किती लावावे, उन्हात किती वाळवावी, हे सगळे बिनचूक सांगितले. मिल चालू झाली, डाळ पिवळीधमक निघाली. पहिल्या हंगामात चाळीस क्विंटल तुरीची डाळ केली आणि जिल्ह्याच्या गावच्या एका व्यापाऱ्याला सगळी उधारीवर घातली. निम्मे पैसे आले. बाकीच्यासाठी आठ महिने चकरा झाल्या. पावती नव्हती, शब्दावर माल दिला होता. दुसऱ्या वर्षी तूर घ्यायला पैसा नाही, मिलला कुलूप, आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. गटातल्या एकाने बैलजोडी विकून हप्ता भरला. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको दारातच म्हणाली, "भाऊ, तूर तशीच इकली असती तर निसती तूर गेली असती. आता बैलं बी गेली."

आम्ही डाळीचा उतारा सांगितला होता, पैशाचा हिशेब सांगितला नव्हता. तो हिशेब आज मांडू या.

दालमिलचा हिशेब

वही काढा. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. घरी गेल्यावर आपल्या गावचे भाव घालून पुन्हा करा.

तूर एक क्विंटल, ७० रुपये किलोने ७,००० रुपये. डाळ निघाली ७० किलो. चुनी-भुसा २५ किलो. बाकी घट. डाळ १२० रुपयांनी विकली, ८,४०० रुपये. चुनी १५ रुपयांनी, ३७५ रुपये. एकूण आले ८,७७५. तूर वजा जाता राहिले १,७७५ रुपये. इथेच माणूस फसतो. क्विंटलमागे पावणेदोन हजार सुटले म्हणून गावभर सांगतो.

आता पुढे. तेल आणि वीज १०० रुपये. मजुरी ३०० रुपये. पिशवी, छपाई किलोला ३ रुपये, म्हणजे २१०. वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन किलोला ८ रुपये, म्हणजे ५६०. बेरीज १,१७०. उरले ६०५ रुपये.

मशिन २ लाख ४० हजारांचे. दहा वर्षे चालेल असे धरले तर वर्षाची झीज २४,०००. पहिल्या वर्षाचे व्याज अकरा टक्क्यांनी २६,४००. दुरुस्ती ९,६००. झाले साठ हजार. क्विंटलला ६०५ रुपये सुटतात, तर साठ हजार भरून काढायला किती क्विंटल लागतील? शंभर. म्हणजे शंभर क्विंटलपर्यंत तुम्ही मशिनसाठी राबता. महिन्याला पाच हजार रुपये स्वतःची मजुरी धरलीत तर आणखी शंभर. आणि साठच क्विंटल डाळ केलीत तर वर्षाला २३,७०० रुपयांची खोट, स्वतःची मजुरी शून्य धरून. हा माणूस बुडत असतो, आणि गल्ल्यात रोज नोटा येत असतात.

तेव्हा मशिन घ्यायच्या आधी एकच प्रश्न: किती क्विंटलला माझी बरोबरी होते, आणि तेवढी तूर मी विकत घेऊ शकेन का, तेवढी डाळ विकू शकेन का? उत्तर येत नसेल तर मशिन घेऊ नका. अनुदान असले तरी घेऊ नका. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली योजना आणली. तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान ठेवले, आणि तेही बँकेच्या कर्जाशी जोडून. अशी कोणतीही योजना असली तरी ३५ टक्के त्यांचे म्हणजे ६५ टक्के आपले, हे विसरू नका. अनुदान मिळते म्हणून घेतलेले मशिन आणि जत्रेत स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला बैल, दोन्हींचा चारा आपल्यालाच घालावा लागतो.

मशिनला पैसा, मालाला नाही

आता यातली सगळ्यात मोठी चूक. शंभर क्विंटल तूर घ्यायला किती पैसे लागले? सात लाख. मशिन किती? दोन लाख चाळीस हजार. म्हणजे मशिनच्या जवळजवळ तिप्पट पैसा मालात लागतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हाच स्वस्त असते, तेव्हाच घ्यावी लागते. डाळ मात्र वर्षभर खपते. या पैशाला खेळते भांडवल म्हणतात. बँकेच्या प्रकल्प अहवालात ते एका ओळीत लिहिलेले असते आणि ती ओळ कुणी वाचत नाही. सात लाख रुपये सरासरी सहा महिने बारा टक्क्यांनी अडकले तर ४२,००० रुपये व्याज. वरच्या हिशेबात हे आपण धरलेलेच नाही. धरून बघा.

मग गरिबाने दालमिल चालवूच नये का? चालवावी, पण पायरीने. पहिली दोन वर्षे मजुरीवर डाळ करून द्या. लोक आपली तूर आणतील, डाळ घेऊन जातील, क्विंटलमागे मजुरी देतील. तुरीचा पैसा त्यांचा, भावाची जोखीम त्यांची. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी दालमिल काढली ती अशाच गावपातळीवरच्या कामाला सोयीची आहे. आमचा बुडालेला गट पुढे असाच सावरला. आसपासच्या गावांची तूर मजुरीवर केली आणि चार वर्षांत कर्ज फिटले. बैलजोडी मात्र परत आली नाही.

एकाच गिऱ्हाइकाच्या दावणीला

मजुरीच्या कामातही एक खाच आहे. ती इचलकरंजीत तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत.

तुमच्या शेतातला कापूस गाठी होऊन सूतगिरणीत जातो आणि सूत होऊन इथल्या मागावर येतो. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला आणि त्यातून हे वस्त्रनगर उभे राहिले. पण तिथे काल तुम्हाला 'खर्चीवाले' हा शब्द ऐकू आला. खर्चीवाला म्हणजे ज्याचा माग स्वतःचा, वीजबिल स्वतःचे, कामगाराचा पगार स्वतःच्या खिशातून. पण सूत व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचे. त्याला पिकामागे पैशात मजुरी मिळते. बाजार पडला की आधी मजुरी कमी होते. दर पाडला तर तो माग बंद ठेवील, पण बँकेचा हप्ता आणि विजेचा स्थिर आकार कुठे बंद होतो?

दोनशे घरांची तूर मजुरीवर करणारा गावचा मालक असतो. एकाच व्यापाऱ्याची तूर मजुरीवर करणारा त्या व्यापाऱ्याचा बिनपगारी नोकर असतो. काम तेच, मशिन तेच.

आणि एकच गिऱ्हाईक म्हणजे काय, हे कापूसवाल्याला सांगायला नको. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. पुढची कितीतरी वर्षे घरचा कापूस सरकारशिवाय दुसऱ्याला विकणे गुन्हा होता, आणि चुकाऱ्यासाठी वाट पाहत बसणे नशिबी होते. त्याविरुद्ध आपले लोक लढले. सरकारची मक्तेदारी नको म्हणून लढलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने एका व्यापाऱ्याची मक्तेदारी अंगावर घेऊ नये. आम्ही एक खूणगाठ सांगतो: निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला जात असेल तर दुसरे गिऱ्हाईक शोधायला त्याच दिवशी निघा, पहिला कितीही गोड बोलत असला तरी.

उधारी

कृषी सेवा केंद्रवाल्यांनी इकडे लक्ष द्यावे. गावात उधारी बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. जूनमध्ये ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला बी द्यायचे नाही तर दुकान कशाला? पण उधारीचा हिशेब करा. शंभराच्या मालामागे आठ रुपये सुटत असतील तर हजार रुपयांची एक उधारी बुडाल्यावर ते भरून काढायला साडेबारा हजारांचा माल विकावा लागतो. कंपनीचे पैसे दोन महिन्यांत द्यायचे आणि गावाचे पैसे कापूस निघाल्यावर येणार, या मधल्या फटीत दुकान पडते.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, हंगामाच्या आधी ठरवा की एकूण इतकीच उधारी देणार. आकडा संपला की मेहुणा आला तरी नाही. दोन, देताना वहीवर सही घ्या आणि तारीख लिहा. सही मागण्यात अपमान नाही. सही न घेता पुढे भांडणे होतात त्यात दोघांचा अपमान आहे. तीन, ज्याची मागची बाकी आहे त्याला नवा माल रोखीनेच.

व्यापाऱ्याला माल देणाऱ्यांसाठी एक कायद्याची गोष्ट. लहान उद्योगांसाठी २००६ साली केंद्राचा कायदा झाला. त्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. जुलै २०२० पासून ही नोंदणी 'उद्यम' नावाने होते आणि ती फुकट आहे. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पण तक्रार करायची तर हातात बिल हवे आणि माल पोचल्याची सही हवी. आमच्या गटाजवळ दोन्ही नव्हते.

नाव आणि माल

आता गुळाकडे या. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली आणि गुळाच्या व्यापाराला जागा करून दिली. कोल्हापुरी गूळ म्हटले की गुजरातपर्यंत गिऱ्हाईक तयार. २०१४ साली या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मग गुऱ्हाळे एकामागून एक का बंद पडली? मजूर मिळेना, जळण महागले, कारखान्याचा दर बरा वाटला, ही कारणे आहेतच. पण एक कारण घरचे आहे. सौद्यात पिवळ्याजर्द गुळाला दोन रुपये जास्त मिळतात म्हणून काहींनी रसात हायड्रॉस पावडर टाकली, काहींनी साखर मिसळली. बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला गेला. गिऱ्हाइकाला संशय आला तो सगळ्यांच्याच गुळाचा. भेंडीच्या रसाने मळी काढून प्रामाणिक गूळ करणाऱ्यालाही 'हा खरा कशावरून?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली असेच मानांकन मिळाले. आमच्या भाकरीवाल्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावे. पिशवीवर मालदांडी लिहिले तर आत मालदांडीच असली पाहिजे. एका टंचाईच्या वर्षी हायब्रीड मिसळून किलोला चार रुपये वाचतील, आणि पाच वर्षांत जोडलेले गिऱ्हाईक पाच दिवसांत जाईल. अन्नाचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या आणि पिशवीवर वजन, तारीख, पत्ता खरा छापा.

आधी गिऱ्हाईक

याच शहरातली एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे दलित नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला मदत केली आणि त्यांनी चहाचे हॉटेल काढले. आता दलिताच्या हातचा चहा त्या काळात घेणार कोण? महाराज स्वतः तिथे जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

या गोष्टीतली समतेची शिकवण मोठी आहेच. पण धंदेवाल्याने आणखी एक पाहावे. महाराज नुसते भांडवल देऊन थांबले असते तर ते हॉटेल महिन्याभरात बंद पडले असते. त्यांनी गिऱ्हाईक दिले. आज आपण गावागावात बचत गटांना यंत्रे वाटतो, फीत कापतो, फोटो काढतो, आणि त्यांची भाकरी किंवा लोणचे आपल्या घरी घेत नाही. कुणाच्या हातचे आहे हे अजूनही विचारले जाते, तोंडाने नाही तर डोळ्यांनी. आपल्या चळवळीत तरी हे चालणार नाही. गावातला धंदा उभा करायचा तर पहिली खरेदी गावातल्या पुढाऱ्याने करावी, आणि रोखीने करावी.

घर वेगळे, दुकान वेगळे

शेवटची गोष्ट, दिसायला सगळ्यात लहान. गल्ल्यात हात घालून मुलाची फी भरली, किराणा आणला, लग्नाचा आहेर केला. आणि वर्षाअखेर दुकान तोट्यात की घर तोट्यात, हेच कळत नाही. दुकानाचे खाते वेगळे काढा. दर महिन्याला स्वतःचा ठरलेला पगार दुकानातून घ्या, बायको दुकानात बसत असेल तर तिचाही घ्या, आणि घर त्यातच चालवा. रोजची कीर्द रोज रात्री लिहा. ज्या रात्री लिहायचा कंटाळा येईल ती रात्र धोक्याची समजा. भागीदारी असेल तर सख्ख्या भावाशीसुद्धा कागद करा: कुणाचे किती, काम कुणाचे, आणि वेगळे व्हायचे झाले तर कसे. मन चांगले असते तेव्हाच हा कागद होतो, बिघडल्यावर होत नाही.

आम्ही तुमच्याकडून घोषणा मागत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने एक वही आणायची. धंदा असेल त्याने एका महिन्याची कीर्द, स्वतःची मजुरी आणि मशिनची झीज धरून. धंदा टाकायचा असेल त्याने किती मालाला बरोबरी होते तो हिशेब, आणि तो माल घेणार आहेत अशा दहा गिऱ्हाइकांची नावे. दहा नावे मिळाली नाहीत तर तसे लिहून आणा. तेही चालेल; त्यात बैलजोडी वाचलेली असेल.

जय किसान.